काबाईची जन्मतारीख

शालूबाईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आणि दुसऱ्याच ओळीला तिचं घोडं अडलं. नाव लिहायला तिला चांगला पाव तास लागला होता. ‘शालूबाई बजरंग असवले’ यातला ‘लू’ तिला नेहमी चकवायचा, तो त्या दिवशी पहिल्या झटक्यात जमला म्हणून ती स्वतःवरच खूश होती. खालची ओळ जन्मतारखेची होती. पुढं आठ रिकामे चौकोन, एकाला एक चिकटलेले. शालूबाईनं पेन्सिलीच्या टोकानं ते एकेक करून मोजले आणि पेन्सिल खाली ठेवून दिली.

आंदर मावळात, वडेश्वरच्याही पुढं, डोंगराला पाठ लावून बसलेली ही वाडी. शाळा दोन खोल्यांची. दुपारी पोरं घरी गेली की तिच्याच ओसरीवर मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. चार बायका, दोन बाप्ये. शिकवायला सारिका मॅडम, वडगावहून स्कूटीवर यायची, वयानं शालूबाईच्या धाकट्या लेकीएवढी. तिनं त्या दिवशी सरावाचा पेपर दिला होता. खरी परीक्षा गणपती उठल्यानंतरच्या रविवारी होती. शालूबाई थांबलेली बघून तिनं सांगितलं, की आधारकार्डावर आहे तीच तारीख लिहायची, एक जानेवारी.

“ती खोटी हाय,” शालूबाई म्हणाली.

आणि ते खरंच होतं. आधारकार्डाची माणसं पेट्या घेऊन देवळात येऊन बसली होती तेव्हा त्यातल्या एका पोरानं तिला वय विचारलं. शालूबाईनं उलट विचारलं, तुला किती वाटतंय? पोरानं तिच्या उन्हानं रापलेल्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि मनानंच एक साल ठोकून दिलं. दिवस टाकला एक जानेवारी. तोच दिवस त्यानं तिच्या जावेला दिला, शेजारणीला दिला, शेजारणीच्या सासूलाही दिला. बाप्यांपैकी ज्यांनी शाळेचं तोंड बघितलं होतं त्यांना गुरुजींनी आधीच एक जून वाटून ठेवला होता. म्हणजे या वाडीत जन्माला यायचे दिवस वर्षाकाठी दोनच, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा. शालूबाईला तेव्हापासून कोडं होतं, की वाडीला सुईण तर एकच होती, मग एका दिवसात तिनं एवढी बाळंतपणं उरकली कशी?

वर्गातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सारिकाही हसली. शालूबाई मात्र हसली नाही.

“बाई, मी जल्मात पयल्यांदा लिवतीया,” ती म्हणाली. “पयलंच खोटं लिवू व्हय?”

परीक्षेला अजून तीन-साडेतीन आठवडे आहेत, तोवर खरी तारीख शोधा, असं सारिका सहज म्हणून गेली. सहज म्हणाली खरी, पण शालूबाईला ‘शोध’ म्हणणं म्हणजे दूध प्यायला आतुर झालेल्या वासराचं दावं सोडणं, हे त्या पोरीला अजून पुरतं कळलेलं नव्हतं.

शालूबाईला माहेरी काबाई म्हणायचे. सारखी ‘का’ विचारते म्हणून काबाई. तिची आई विठाबाई, लेक सव्वा महिन्याची व्हायच्या आतच गेली. बापानं आणि आत्यानं वाढवलं. आत्या बिचारी दिवसभर उत्तरं देऊन दमायची आणि संध्याकाळी म्हणायची, ही एक दिवस देवाला बी विचारल, तुला चार हात का. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्न होऊन ती डोंगराच्या या अंगाला आली. सासरी नाव बदललं, पण जुनं नाव डोंगर ओलांडून मागोमाग आलंच. सासू ते नाव चारचौघांत घ्यायची, आणि अशा सुरात, की पाहुणेही हसायचे. शालूबाईला ते लागायचं. दोन दिवस ती ओठ घट्ट मिटून कामं करायची. तिसऱ्या दिवशी कोंबडा आरवायचा आणि हिच्या तोंडून निघायचंच, की आरवताना हा डोळे का मिटतो?

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही म्हणतात. शालूबाईचं सोनंही होतं आणि बोलणंही होतं, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. लोणावळ्याला माणसं पैसे मोजून धुकं बघायला येतात, आपल्या घरात ते न बोलावता चुलीपर्यंत येतं, मग त्याचं कुणाला कौतुक का नाही? म्हैस रवंथ करताना जबडा तिरका का फिरवते? नवरा बजरंग या सगळ्याला एकच उत्तर द्यायचा, “आसतंय तसं.” सत्तेचाळीस वर्षांहून जास्त संसार या एका उत्तरावर चालला होता. भला माणूस, पण त्यानं आयुष्यात कुणाला काही विचारलं असेल तर ते जेवण झालं का, एवढंच.

खरं गिऱ्हाईक मिळालं ते सारिका मॅडम आल्यावर. एकदा शालूबाईनं तिला एसटीचं तिकीट दाखवलं. कंडक्टरच्या यंत्रातून निघालेल्या या तिकिटावरची अक्षरं चार दिवसांत उडून का जातात? सारिकानं सरळ सांगितलं, की मला माहीत नाही, उद्या शोधून सांगते. शालूबाई तिच्याकडं बघतच राहिली. शिकलेलं माणूस ‘माहीत नाही’ म्हणतं हे ती पहिल्यांदा ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सारिकानं सांगितलं, की त्या यंत्रात शाईच नसते, कागदाला चटका देऊन अक्षरं उमटवतात. शालूबाईनं घरी जाऊन तिकीट चुलीच्या निखाऱ्यापाशी धरलं. कागद बघता बघता काळा झाला. तिला इतका आनंद झाला की तिनं घरातली सगळी तिकिटं गोळा करून एकेक काळं केलं, आणि सून अमृता भाकरी थापायची सोडून ते बघत बसली.

अशा बाईला आता स्वतःचाच जन्म शोधायचा होता. हाताशी एकच धागा होता. लहानपणी बापाला विचारलं की तो सांगायचा, “तू झालीस तवा कारवी फुलली व्हती.” त्याच्यापुढं तो बोलायचा नाही. बायकोची आठवण निघाली की तो उठून गोठ्यात जायचा.

कारवी म्हणजे आपल्या डोंगरावरचं पुरुषभर उंचीचं झुडूप. एरवी तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. तिच्या काठ्या तोडायच्या, त्यांचा कुड विणायचा, वरून शेणमाती लिंपायची की घराची भिंत तयार. पण ती सात वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलते तेव्हा सबंध डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांचा आवाज खाली वाडीत ऐकू येतो. योग असा की शालूबाईच्या परीक्षेच्या त्याच वर्षी कारवी फुलावर आली होती. श्रावण सरतासरता डोंगराच्या माथ्यावर पहिला जांभळा पट्टा दिसला आणि शालूबाई अंगणात बसून बोटांवर फुलं मोजायला लागली.

पहिल्या फुलाची तिला पक्की आठवण होती. बापाच्या खांद्यावर बसून पोळ्यातला मध खाल्ला होता आणि एक माशी जिभेलाच चावली होती. दुसऱ्या फुलाला लग्न झालं. तिसऱ्याला राजेंद्र शाळेत होता आणि धाकटी पोटात. एका फुलाला सासू गेली, सासऱ्यानं नवा कुड घातला तो ज्या साली, तेही कारवीचंच साल. पुढच्या फुलाला धाकटीचं लग्न झालं. मागच्या फुलाला राजेंद्रची सृष्टी झाली. आणि हे यंदाचं. जन्माचं फूल सोडून एकूण आठ. सात आठे छप्पन्न, हा पाढा ती नुकताच शिकली होती.

“छप्पन्न,” तिनं बजरंगला सांगितलं. “आधारवाल्यानं मला एकाहत्तर करून ठिवलंय.”

बजरंग विळ्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला. “राजेंद्र पंचेचाळीसचा हाय,” तो म्हणाला. “मंग तू काय अकरा वर्साची असताना झाला का?”

शालूबाईनं पुन्हा मोजलं. फुलं आठच होती, पाढाही बरोबर होता आणि राजेंद्रही पंचेचाळीसचाच होता, त्याच्या तर शाळेचा दाखला होता. कुठंतरी खोट होती. पुढचे पाच-सहा दिवस तिच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं.

आणि मग एका सोमवारी गुरांचा डॉक्टर येऊन गेला. म्हशीच्या पायाला पट्टी बांधली आणि आठ दिवसांनी परत बघायला येतो म्हणाला. बजरंगनं अमृताला सांगून ठेवलं, की पुढच्या सोमवारी डॉक्टर येणार आहे, म्हैस सोडू नका. शालूबाई तांदूळ निवडत होती. तिनं बोटं उघडली. मंगळवार, बुधवार करत सोमवारपर्यंत आली तर बोटं सातच.

“अवो, सोमवार ते सोमवार तर सात दिस व्हत्यात. मंग आपुन आठ का म्हणतो?”

“आसतंय तसं,” बजरंग म्हणाला. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तो पुढं बोलला, “हा बी सोमवार धरायचा, त्यो बी धरायचा. म्हंजी आठ.”

शालूबाईनं सूप खाली ठेवलं. दिवस मोजताना आपण दोन्हीकडची टोकं धरतो. मग कारवी मोजताना काय करतो? दोन फुलांमधली मुकी वर्षं तेवढी मोजतो. तिचा बाप म्हणायचा ना, कारवी सात वर्षं मुकी असते! सात वर्षं मुकी, म्हणजे फूल आठव्याला. दिवसांच्या वेळी सातला आठ म्हणायचं आणि कारवीच्या वेळी आठला सात म्हणायचं, अशी आपली रीत. तिनं सृष्टीला हाक मारली. सृष्टी मागच्या फुलाची. आणि सृष्टीच्या वाढदिवसाचा केक गेल्याच आठवड्यात सगळ्यांनी खाल्ला होता, त्यावर आकडा होता आठ. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आठ आठे चौसष्ट. शालूबाई चौसष्ट वर्षांची होती. एकाहत्तरातली सात वर्षं तिला एका दुपारी परत मिळाली. ती इतकी हसली की सृष्टीही कारण न कळता हसायला लागली. बजरंग म्हणाला, आजवर म्हातारी समजून तुला जड कामं सांगितली नाहीत ती आता सांगीन. रात्री जेवताना त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

साल सापडलं. दिवस राहिला. ते सांगणारं माणूस कुठून आणायचं? बाप गेला, आत्या गेली, सुईण तर कधीच गेली. शालूबाई भेटेल त्याला विचारत सुटली, आमच्या माहेरच्या बाजूचं कुणी जुनं माणूस ठाऊक आहे का. शेवटी घरातल्या घरात राजेंद्रला विचारलं तेव्हा तो म्हणाला, की आंबीला आमच्या कंपनीत इर्शाद मणेर आहे, त्याची आजी पूर्वी डोक्यावर टोपली घेऊन आंदर मावळात बांगड्या भरायला पायी फिरायची, खतीजा नाव तिचं.

शालूबाईच्या हातातला घास तसाच राहिला. खतीजामावशीनं तिचा लग्नाचा चुडा भरला होता. राजेंद्र इर्शादबरोबर अकरा वर्षं एका डब्यात जेवत होता आणि हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. का? तर कुणी विचारलं नव्हतं.

गौरी जाऊन दोन दिवस झाले आणि नवरा-बायको निघाली. एसटीनं कान्ह्याला, तिथून लोकलनं तळेगाव, पुढं रिक्षानं आंबी. दुपारची लोकल, गाडीत बसायला जागा होती. समोर एक कॉलेजची मुलगी होती. तळेगाव कधी येईल ते तिला विचारू या, असं शालूबाई म्हणाली, पण बजरंगनं तिचं कोपर दाबलं. आपल्याला सगळं माहीत आहे, सारखं काय विचारायचं, माणसं हसतात. त्याचा चष्मा घरी राहिला होता, ते मात्र तो बोलला नाही. मग एक स्टेशन आलं, दाराशी गर्दी झाली, पाटी दिसली नाही, आणि बजरंग म्हणाला, अजून यायचंय. अजून एक आलं, तेही नव्हे. त्याच्या पुढच्या स्टेशनावर मात्र त्याला शंका आली आणि दोघं घाईघाईनं उतरली. गाडी निघून गेली. फलाटावर दोघंच. शालूबाईनं मान वर करून पिवळ्या पाटीकडं बघितलं.

“बे... ग... डे...” तिनं बोट रोखून वाचलं, “वा... डी. बेगडेवाडी!”

तळेगाव दोन स्टेशनं मागं राहिलं होतं. बजरंग ओरडा खायच्या तयारीत खाली मान घालून उभा होता. पण शालूबाईचं ध्यानच नव्हतं. आयुष्यातली पहिली पाटी तिनं कुणाच्या मदतीशिवाय वाचली होती. परतीच्या गाडीला तासाभराचा अवकाश होता, त्या तासाभरात तिनं बेगडेवाडी स्टेशनवरचं एकूण एक अक्षर वाचून काढलं. पिण्याचे पाणी. येथे थुंकू नये. रूळ ओलांडू नका. बजरंग तिच्या मागनं पिशवी धरून फिरत होता. गाडी आली तेव्हा मात्र त्यानं आपण होऊन एका माणसाला विचारलं, की ही तळेगावला थांबते ना.

इर्शादच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याची बायको शहिस्ता बांगड्यांचं दुकान चालवत होती. काचेच्या कपाटांपाशी बाजेवर खतीजामावशी बसली होती. पंचाऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. शालूबाईनं नाव सांगायच्या आतच म्हातारीनं हात पुढं केला आणि तिचा पंजा आपल्या पंजात घेतला. अंगठ्याचं हाड दाबून बघितलं, बोटं चेपून एकत्र केली, बांगडी चढवताना कासारणी करतात तशी.

“दोन-चारचं माप,” ती म्हणाली. “ह्यो हात मी भरलाय. पन ह्याच्या आदी असाच एक सासूनं भरलावता, मी धरलावता. कुनाची गं तू?”

शालूबाईनं माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. “विठाबाईची,” म्हणाली. हात म्हातारीच्या हातातच होता. मग तिनं विचारलं, जे विचारायला ती एवढ्या लांब आली होती ते. मावशी, मी झाले तो दिवस तुम्हाला आठवतो का?

“न आठवाय काय झालं? गौरी जेवायचा दिस,” खतीजामावशी म्हणाली. “सासू काकणं भरायची, मी नवी नवरी, टोपली धरायची. तुजी आई दिस भरलेली. सासूनं हिरवा चुडा काढला तर म्हणली, हिरवाच का? डोंगर बघा कसा जांभळा झालाय, त्या रंगाचं काकण का न्हाई तुमच्याकडं? सासू म्हणली, जांभळं कुनी भरत न्हाई. तर म्हणली, कुनी भरत न्हाई म्हणून तुमी ठिवत न्हाई, का तुमी ठिवत न्हाई म्हणून कुनी भरत न्हाई?”

म्हातारी आठवणीनं हलून हलून हसायला लागली. टोपली आवरताना तिनं हळूच विठाबाईला सांगितलं होतं, की पुढच्या खेपेला मी जांभळी आणते. त्याच दुपारी विठाबाईला कळा सुरू झाल्या. पाऊस लागला म्हणून सासू-सुना गावातच राहिल्या. दिवे लागायला पोर झाली. सकाळी विठाबाईनं पोर दाराशी नेली, डोंगराकडं तोंड केलं आणि म्हणाली, हिचं नाव कारवी. घरातल्या बायका म्हणाल्या, कारवी म्हणजे कुडाची काठी, पोरीला काठीचं नाव ठेवतं का कुणी? बारशाला त्यांनी दुसरंच नाव ठेवलं. पण आई कारवाबाईच म्हणायची. कारवाबाईची काराबाई झाली आणि काराबाईची काबाई.

शालूबाईनं विचारलं, “मंग मी सारकी का विचारती म्हणून काबाई न्हवं?”

“धा दिसांची पोर काय इचारनार?” खतीजामावशी म्हणाली. “का इचारायची ती तुजी आई. नाव तुला डोंगराचं दिलं तिनं. आत्यानं नाव चालू ठिवलं, कशावरनं ते सांगाय तिला रडू येत आसंल. लोकं इसरली.”

शालूबाईच्या डोळ्यांना धार लागली आणि तोंड हसतच होतं. चौसष्ट वर्षं जे नाव तिला टोचलं होतं ते तिच्या आईनं तिचं केलेलं पहिलं कौतुक होतं. आणि ज्या सवयीसाठी तिनं बोलणी खाल्ली ती तिला आईच्या दुधातून आली होती. आईचं आपल्याकडं काहीच नाही असं ती लहानपणापासून धरून चालली होती. तिला एवढा आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना, तिनं म्हातारीचा हात कपाळाला लावला.

पुढच्या खेपेला खतीजामावशी पुण्याहून जांभळी काकणं घेऊन गेली होती. दारात पोचली तर विठाबाई नव्हती, पोर आत्याच्या मांडीवर होती. ती काकणं तिनं कुणाला भरली नाहीत, येताना आंद्रा नदीत सोडून दिली. आता तिनं शहिस्ताला हाक मारली आणि जांभळी काढायला सांगितली, दोन-चारची. शहिस्तानं कपाट उघडलं तर जांभळ्यातच चार छटा. शालूबाईनं डोंगराची छटा बरोबर ओळखली. खतीजामावशीनं एकेक काकण चढवलं, एकही फुटलं नाही.

बजरंग इतका वेळ उंबऱ्यापाशी स्टुलावर बसून होता. अकस्मात तो पुढं सरकला. “मावशी,” त्यानं विचारलं, “हिची आई दिसाय कशी व्हती?”

शालूबाईनं चमकून नवऱ्याकडं बघितलं. हा एकच प्रश्न तिनं आयुष्यात कुणाला विचारला नव्हता, धीरच झाला नव्हता. आणि तो विचारला कुणी, तर ‘आसतंय तसं’वाल्यानं.

खतीजामावशीनं शालूबाईच्या तोंडावरनं दोन्ही हात फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“हातच्या काकनाला आरसा कशाला?” ती म्हणाली. “ही बसलीया की तुमच्या शेजारी.”

परतीच्या वाटेवर शालूबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि ती एसटीत एकटीच हसली. दर गौरीला सगळ्या घरासाठी ती पुरणपोळ्या लाटत आली होती. म्हणजे इतकी वर्षं स्वतःच्या वाढदिवसाचं गोडधोड तिनं स्वतःच केलं होतं आणि तीन दिवसांमागं तर चांगल्या चार पोळ्या खाल्ल्या होत्या.

सारिकानं मोबाइलवर त्या सालाचं जुनं पंचांग शोधून गौरीपूजनाची तारीख काढून दिली. आधारकार्डही दुरुस्त करून घेऊ म्हणाली, त्याला मात्र कारवीपेक्षा जास्त वेळ लागेल. परीक्षेच्या रविवारी शाळेच्या ओसरीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. समोरचा डोंगर वरपासून खालपर्यंत जांभळा झाला होता. शालूबाईनं नाव लिहिलं, ‘लू’ नीट पडला. मग ती दुसऱ्या ओळीवर आली. दरेक आकड्याला जांभळ्या काकणांचा आवाज होत होता आणि पलीकडच्या बायका आपापले पेपर सोडून बघत होत्या. दोन चौकोन, चार चौकोन, सात. आठवा भरला आणि तिनं पेन्सिल उचलली.

पेपरात अजून सगळे प्रश्न बाकी होते. तिचा हात मात्र वर गेला होता. सारिका जवळ येऊन वाकली आणि काय अडलं ते विचारलं.

“अडलं काय न्हाई, बाई,” काबाई म्हणाली. “पन कारवी आठव्यालाच का फुलती? नवव्याला का न्हाई?”

“मला माहीत नाही, मावशी.”

“व्हय ना?” काबाईला फार बरं वाटलं. “पुढल्या फुलाला मी बहात्तरची. तवर शोधू.”

आणि ती पुढच्या प्रश्नाकडं वळली.